कोल्ह्यालाही लस देता येते, पण वाशिममध्ये सुरुवात गल्लीतल्या कुत्र्यापासूनच

कुत्रा चावला की दवाखान्यात जायचं, हे आता आपल्या बहुतेक घरांत ठाऊक झालं आहे. कोल्हा चावला तर काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. वाशिम जिल्ह्यात कारंजा-मानोऱ्यापासून रिसोड-मालेगावपर्यंत वावराला लागून माळरान आहे, नाल्याकाठची झुडपं आहेत. कोल्हा हा तिथला जुना रहिवासी. तुरीच्या वावरात जागलीला गेलेला माणूस, बकऱ्या चारणारं पोरगं, पहाटे फजरच्या आधी शेतावर निघालेली बाई, यांच्यापैकी कोणाचीही त्याच्याशी गाठ पडू शकते. आणि कोल्हा पिसाळलेला असेल तर त्याचा चावा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याइतकाच जीवघेणा असतो.

जगातल्या काही देशांनी रानातल्या प्राण्यांना चक्क खाऊतून लस देऊन हा रोग हटवला आहे. ते त्यांनी कसं केलं, आपल्याकडे तसं का होत नाही आणि तोवर आपण काय करायचं, हे समजून घेऊ.

आधी नावांचा घोळ

मराठी शाळेतल्या गोष्टीत 'द्राक्षं आंबट' म्हणणारा तो कोल्हा, आणि रात्री शिवारात कोल्हेकुई करणारा तोही कोल्हा. उर्दूत मात्र दोघांची नावं वेगळी आहेत. गोष्टीतली ती 'लोमडी' आणि शिवारातला तो 'गीदड'. आपल्या माळरानावर लोमडीच्या जातीचा एक छोटा प्राणीही राहतो, त्याला मराठीत खोकड म्हणतात. युरोपात ज्या प्राण्याला लस दिली गेली ती लाल लोमडी. म्हणून या लेखात आम्ही तिला लोमडीच म्हणू, आणि आपल्या शिवारातल्या गीदडाला कोल्हा.

रोग नेमका काय आहे?

रेबीज हा विषाणूचा रोग आहे. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेत हा विषाणू असतो. चाव्यातून किंवा ताज्या जखमेवर लाळ लागली की तो शरीरात शिरतो आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेकदा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाच लागतो, तर कधी वर्षाहून अधिक. या मधल्या काळात लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा पाण्याची भीती, घशात आवळल्यासारखं होणं, बिथरणं अशी लक्षणं दिसू लागली की मग जवळपास कोणीच वाचत नाही.

भारतात या रोगाने दरवर्षी सुमारे ५,७०० माणसं मरतात, असा आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांचा अलीकडचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू कुत्र्याच्या चाव्यामुळे होतात. कोल्हा, लांडगा, मुंगूस यांचा वाटा कमी असला तरी तो आहे.

मारून रोग संपला नाही

१९४० च्या सुमारास पोलंड-रशियाच्या सीमेकडून लोमड्यांमधला रेबीज पश्चिमेकडे निघाला. वर्षाला वीस ते साठ किलोमीटर या वेगाने तो सरकत राहिला. १९६७ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये आला, १९६८ मध्ये फ्रान्समध्ये. त्या देशांतल्या कुत्र्यांमध्ये रोग नव्हता. तो लोमड्यांमध्येच टिकून होता, आणि लोमडीकडून गाईंना, मांजरांना, माणसांना लागायचा.

सरकारांनी आधी सोपा वाटणारा उपाय केला, लोमड्या मारण्याचा. बंदुका चालल्या, बिळांमध्ये विषारी वायू सोडला गेला. तरी रोग पुढे सरकतच राहिला. कारण लोमडी आपापल्या हद्दीत राहते. एक मेली की तिची हद्द रिकामी होते आणि बाहेरच्या तरुण लोमड्या ती जागा घ्यायला येतात. येताना भांडतात, एकमेकींना चावतात. शिवाय उरलेल्यांना खायला भरपूर मिळतं, त्यामुळे पिल्लंही जास्त जगतात. वर्षभरात संख्या पुन्हा तेवढीच.

गल्लीतले कुत्रे मारून टाका, असं कोणी म्हणालं की हा अनुभव आठवावा. ज्या कुत्र्याला लस मिळाली आहे तो आपल्या गल्लीत राहतो तोपर्यंत बाहेरच्या, लस नसलेल्या कुत्र्याला तिथे सहज शिरू देत नाही. त्याला मारलं तर आपण आपलीच राखण काढून टाकतो.

खाऊतली लस कशी काम करते?

रानातल्या लोमडीला पकडून सुई टोचणं अशक्य होतं. म्हणून ती आपणहून खाईल अशा वस्तूत लस घालायचं ठरलं. ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात हा प्रयोग पहिल्यांदा झाला. त्यासाठी कोंबडीची मुंडकी वापरली. मुंडक्याच्या कातडीखाली लसीची छोटी पुडी ठेवून ती खोऱ्याच्या तोंडाशी टाकली. हेतू असा की खालून येणाऱ्या रोगाला वाटेतच लस घेतलेल्या लोमड्यांची भिंत आडवी यावी. भिंत टिकली आणि रोग वरच्या खोऱ्यात शिरला नाही. या कामामागचे शास्त्रज्ञ फ्रान्झ स्टेक १९८२ मध्ये याच मोहिमेवर असताना हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले. काम मात्र थांबलं नाही.

पुढे १९८३ पासून जर्मनीत आणि मग इतर देशांत ही पद्धत पसरली. कोंबडीच्या मुंडक्यांऐवजी माशाचं पीठ आणि चरबी यांच्या कारखान्यात बनवलेल्या वड्या आल्या. वडीच्या पोटात लसीची पातळ पुडी असते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही लस पोटात जाऊन काम करत नाही, पोटातल्या आम्लात ती मरून जाते. प्राण्याने वडी चावली, पुडी फुटली आणि लस तोंडातल्या ओल्या कातडीला, घशातल्या गाठींना लागली, तरच ती लागू पडते. म्हणून वडी इतकी लहान नको की न चावता गिळली जाईल, आणि इतकी कडक नको की टाकून दिली जाईल. लागू पडली की दोन-तीन आठवड्यांत अंगात रोगाशी लढण्याची ताकद तयार होते.

अशा वड्या विमानातून, हेलिकॉप्टरमधून ठरावीक अंतराने सोडल्या जातात. एका चौरस किलोमीटरला साधारण वीस-पंचवीस. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. दोनदा अशासाठी की दरवर्षी नवी पिल्लं जन्मतात आणि त्यांच्या अंगात आधीच्या वर्षाची लस नसते. वडी खरंच खाल्ली गेली का, हेही तपासतात. अनेक ठिकाणी वडीत टेट्रासायक्लिन हे औषध मिसळलेलं असतं. ते हाडात आणि दातात साठतं, आणि खास प्रकाशात पिवळसर चमकतं. पुढे मेलेल्या किंवा शिकार झालेल्या लोमडीचा दात तपासला की हिने वडी खाल्ली होती हे कळतं. रक्त तपासून लस लागू पडली का ते पाहतात, आणि मेंदू तपासून रोग उरला आहे का तेही.

हे काम एका वर्षात झालं नाही. स्वित्झर्लंड १९९९ मध्ये या रोगातून मुक्त जाहीर झाला, फ्रान्स २००१ मध्ये, जर्मनी २००८ मध्ये. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं, दरवर्षी, न चुकता. जिथे एखादा पट्टा मध्येच सोडला तिथे रोग परत शिरला.

आपल्या कोल्ह्याचा सख्खा भाऊ, म्हणजे सोनेरी कोल्हा, युरोपच्या दक्षिणेला आणि पश्चिम आशियातही राहतो. इस्राएलमध्ये १९९८ पासून आणि सर्बियात २०१० पासून टाकलेल्या वड्या लोमड्यांबरोबर कोल्हेही खातात. तेव्हा कोल्ह्याला अशी लस देता येते यात शंका नाही.

कुत्र्याचा रोग रानात शिरतो तेव्हा

मग आपल्याकडे का नाही? याचं उत्तर समजायला तीन ठिकाणं पाहू.

पहिलं तुर्किये. तिथे अनेक वर्षं रेबीज कुत्र्यांमध्ये होता. १९९९ च्या सुमारास इझमीरच्या बाजूला, एजियन समुद्राकाठच्या भागात, तो कुत्र्यांकडून लोमड्यांमध्ये गेला आणि तिथेच मुक्काम करून बसला. लोमडीकडून लोमडीला लागू लागला. शेवटी २००८ ते २०१० या काळात तिथे विमानातून वड्या टाकाव्या लागल्या.

दुसरं टेक्सास. तिथेही कुत्र्यांमधला रेबीज कोयोट नावाच्या रानटी प्राण्यात शिरला होता. १९९५ पासून विमानातून वड्या टाकून तो मागे रेटला, आणि २००७ मध्ये अमेरिकेने कुत्र्यांच्या जातीचा रेबीज देशातून संपल्याचं जाहीर केलं.

तिसरं इथिओपियातले बाले पर्वत. हा मुस्लिम गुराख्यांचा मुलूख. शेख हुसेन यांची प्रसिद्ध जियारतगाह याच बाले भागात आहे. या पर्वतात इथिओपियन लांडगा राहतो. जगात तो आता पाचशेच्या आसपासच उरला आहे. गुराख्यांच्या कुत्र्यांकडून त्याला पुन्हा पुन्हा रेबीज लागला आणि कळपच्या कळप मेले. तिथे लोकांच्या कुत्र्यांना टोचून लस दिली जाते, आणि २०१८ पासून लांडग्यांना मांसाच्या तुकड्यात दडवलेली लस.

तिन्ही ठिकाणी रोग कुत्र्याकडून रानात गेला. आपल्याकडेही रोगाचं मूळ घर कुत्राच आहे. गावाच्या उकिरड्यावर, मेलेल्या ढोरावर, कत्तलखान्याच्या मागच्या घाणीवर कुत्रा आणि कोल्हा एकाच रात्री येतात, भांडतात, चावतात. मुंबईसारख्या शहरातही चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूच्या खारफुटीत कोल्हे राहतात, आणि २०२४ मध्ये त्यांच्यातल्या काहींना रेबीज झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं. तुर्कियेत घडलं ते इथे घडू नये, हीच खरी काळजी आहे.

वाशिममध्ये विमानातून वड्या का नाहीत?

भारतात रानटी प्राण्यांना खाऊतून लस देण्याचा सरकारी कार्यक्रम आज चालू नाही. त्यामागे साध्या अडचणी आहेत. युरोपातल्या रानात मोकाट कुत्रे फारसे नसतात. आपल्या शिवारात वडी पडली तर आधी कुत्रा खाईल, नाहीतर रानडुक्कर, माकड, गाय. या लसीत कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो, तो उन्हात टिकत नाही. वाशिमचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. लोकवस्ती दाट आहे, पोरं सगळीकडे फिरतात, वडी कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे कोल्ह्यांना लस दिली तरी कुत्र्यांमध्ये रोग तसाच राहिला तर दरवर्षी तो पुन्हा रानात जात राहील. आग चुलीत आहे आणि पाणी अंगणात ओतायचं, असं होईल.

याउलट कुत्र्यांमधला रोग आटोक्यात आला की कोल्ह्यांमधलाही बहुतेक करून ओसरतो. म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेला आराखडाही कुत्र्यांवर बेतलेला आहे. २०३० पर्यंत कुत्र्यामुळे होणारे माणसांचे मृत्यू थांबवायचे, असं त्यात ठरलं आहे.

गोव्याने करून दाखवलं

आपल्या शेजारच्या गोव्यात २०१४ पासून राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था मिळून कुत्र्यांना लस देत आहेत. एखाद्या भागातल्या दहापैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा जगभरचा हिशोब. गोव्यात वाडी-वाडीत फिरून, मोबाइलवर नोंद ठेवून, दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस दिली गेली. शाळाशाळांत मुलांना शिकवलं गेलं. पिसाळलेल्या कुत्र्यांचं महिन्याचं प्रमाण ९२ टक्क्यांनी घटलं. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झालं.

हातात न येणाऱ्या कुत्र्यांसाठी खाऊतली लस चालेल का, हेही गोव्यात तपासलं गेलं. तेव्हा वडीत लस नव्हती, नुसती वडी कुत्रे खातात का ते पाहिलं. जाळी टाकून पकडण्यापेक्षा वडी पुढे केल्याने जास्त कुत्र्यांपर्यंत, कमी माणसांत पोचता आलं. उद्या आपल्याकडे खाऊतली लस आली तर ती आधी अशी, गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडापाशी येण्याची शक्यता जास्त. तेव्हा अशी वडी कुठे दिसली तर पोरांनी ती उचलू नये. पुडी फुटून हाताला लागली तर साबणाने हात धुऊन डॉक्टरांना सांगावं.

आपल्या मोहल्ल्याचं काम

इथे थोडं स्पष्ट बोलावं लागेल. आपल्या बहुतेक घरांत कुत्रा पाळत नाहीत. त्याची लाळ नापाक, म्हणून लोक दूर राहतात. त्यामुळे लसीकरणाचं शिबिर लागलं की 'आपल्याकडे कुत्राच नाही' म्हणून मोहल्ला मोकळा होतो. पण मटणाच्या दुकानापुढे, हॉटेलच्या मागे, मदरशाच्या कोपऱ्यावर बसणारे कुत्रे आपल्याच उष्ट्यावर जगतात. आपली पोरं त्यांच्यासमोरून सिपारा छातीशी धरून जातात. ते कुत्रे कागदावर कोणाचेच नाहीत, म्हणून लसीतूनही तेच सुटतात.

त्यांना हाताळायला कोणी सांगत नाही. ते काम नगर परिषदेचं आणि पशुसंवर्धन विभागाचं आहे. २०२३ च्या नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. आपण इतकं करू शकतो:

- मोहल्ला कमिटीने नगर परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन लसीकरणाची तारीख मागावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्याच्या आधी दिलेला अर्ज उपयोगी पडतो.
- शिबिराच्या दिवशी कुत्र्यांना रोज खाऊ टाकणाऱ्या दुकानदाराने पथकाबरोबर उभं राहावं. कुत्रं त्याच्याच हाकेला येतं.
- बकरी ईदची आतडी आणि उरलेली घाण उघड्यावर टाकू नये, खोल खड्ड्यात पुरावी. उघडी घाण म्हणजे कुत्र्याला आणि कोल्ह्याला एकाच ताटात बोलावणं.
- जुम्म्याच्या बयानात इमाम साहेबांनी पाच मिनिटं यावर बोलावं. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या मुक्या जिवाला रोगापासून वाचवणं हेही त्याच वाटेवरचं काम.

आणि चावलाच तर

वर्गात आम्ही विचारतो तेव्हा मुलं अजूनही पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट सांगतात. ती जुनी लस दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आताची लस दंडात देतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. लक्षात ठेवायचं ते असं:

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. जखमेवरच विषाणूचा मोठा भाग मरतो. मिरची, चुना, हळद, तेल काहीही लावू नका. जखम बांधू नका.

२. त्याच दिवशी दवाखान्यात जा. कोल्हा, खोकड, लांडगा अशा रानटी प्राण्याचा चावा किंवा ओरखडा लहान असला तरी तो तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गात धरतात. यात लसीबरोबर जखमेभोवती टोचायचं सिरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, लागतं. लस लागू पडायला काही दिवस जातात, तोवर हे सिरम राखण करतं. ते जवळच्या केंद्रात नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायला सांगा. पहिल्या लसीनंतर सात दिवसांच्या आतच ते देता येतं.

३. सगळे डोस पुरे करा. कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देतात ती याशिवाय १४ व्या दिवशीही. सोयाबीनची सोंगणी चालू आहे, लग्न आहे, म्हणून शेवटचा डोस सोडू नका.

४. प्राण्यावर दहा दिवस नजर ठेवायची पद्धत कुत्र्या-मांजरापुरतीच आहे, आणि तीही लस सुरू केल्यावर. कोल्ह्यासाठी ती नाही.

५. दुआ जरूर करा, पण झाडफूंक किंवा ताबीजसाठी दवाखाना लांबवू नका. आजार आला तर दवा करा, ही आपल्या दीनचीच शिकवण आहे.

घरच्या बकरीला किंवा गाईला कोल्हा चावला तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागा. जनावरांनाही चाव्यानंतर लस देता येते. असं जनावर घाईने कापू नका. पिसाळलेल्या जनावराची लाळ आणि मेंदू हाताळताना कापणाऱ्याला धोका असतो, आणि कुर्बानीचं जनावर तर निरोगीच हवं. त्याचं दूधही पिऊ नका.

कोल्हा दिवसा माणसाला न घाबरता अंगावर येत असेल, लडखडत असेल तर त्याला घेरू नका. वन विभागाला १९२६ वर कळवा. मेलेल्याला हात लावू नका. त्याची तपासणी झाली तर गावातल्या किती जणांना धोका होता हे कळतं. आणि दिवसा दिसलेला प्रत्येक कोल्हा पिसाळलेला नसतो. कायद्याने तो संरक्षित आहे, आणि वावरातले उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचं कामच करतो.

युरोपाला लोमडीपर्यंत पोचायला विमान लागलं. आपल्याला आपल्या शिवारातल्या कोल्ह्यापर्यंत पोचायला गल्लीतला कुत्रा पुरेसा आहे. दहापैकी सात कुत्र्यांना, दरवर्षी. हा अर्ज या जुम्म्याला कमिटीपुढे ठेवावा, एवढी आमची विनंती.